पाणबुडी अडकली तर आतल्यांना वर कोण काढतं? मुंबईत बनलेल्या ‘निरीक्षक’ची गोष्ट

वटार : विहिरीत खोल बुडी मारली की कान दुखतात. तो पाण्याचा दाब. दर दहा मीटरला तो वरच्या हवेच्या दाबाएवढा वाढत जातो. मग समुद्रतळाशी अडकलेल्या पाणबुडीतली माणसं काढायची कशी?

त्यासाठी नौदलाकडे पूर्वी रशियाकडून घेतलेलं ‘निस्तार’ जहाज होतं. १९७१ च्या युद्धात विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या पाकिस्तानच्या ‘गाझी’ पाणबुडीपर्यंत त्याचेच पाणबुडे पोचले.

पुढे ‘निरीक्षक’ आलं. हे मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये १९८५ ला बांधलेलं. नौदलानं १९८९ पासून आधी भाड्यानं वापरलं, १९९५ ला रीतसर ताफ्यात घेतलं. त्यावरून जवान २५७ मीटर खोल गेले, देशातला विक्रम झाला. दहा मीटरच्या पंचवीस विहिरी एकाखाली एक धरा!

एवढ्या खोलातून झटकन वर आलं तर रक्तात बुडबुडे होतात, जीवही जातो. म्हणून जवान जहाजावरच्या बंद खोलीत राहतात आणि तिथला दाब हळूहळू, काही दिवसांत उतरवतात.

१८ जुलै २०२५ ला नवं, देशात बांधलेलं ‘निस्तार’ दाखल झालं. नाव जुनंच. अर्थ, सुटका.