कवटी, कणा आणि पिंजरा



दरवर्षी या पुस्तिकेत मदतनिधी कशासाठी ते चार ओळींत सांगून होतं आणि पुढे जाहिराती सुरू होतात. यंदा आम्ही संपादकांकडून दोन पानं जास्तीची मागून घेतली. यंदाचा निधी पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठी आहे, आणि वर्गणीसाठी फोन करताना "कण्याला इजा म्हणजे पाठदुखीच ना हो?" हा प्रश्न इतक्या वेळा आला की म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकू. कार्यकारिणीतल्या दोन डॉक्टरांनी मजकूर तपासून दिला आहे. भाषा मात्र आम्हा बिगरडॉक्टरांची.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण २०६ हाडं. त्यांतली ८० शरीराच्या मधल्या खांबात: डोकं, कणा आणि छातीचा पिंजरा. हातपाय या खांबाला जोडलेले. आणि ज्यांच्यावाचून जगताच येत नाही ते मेंदू, मज्जारज्जू, हृदय, फुप्फुसं, हे सगळं या खांबाच्या आत ठेवलेलं.

कवटीत २२ हाडं असतात, ८ मेंदूभोवती आणि १४ चेहऱ्याची. हलतो तो फक्त खालचा जबडा (मंडळाच्या सभांत तो जरा जास्तच हलतो, असो). बाकीची हाडं करवतीच्या दात्यांसारख्या सांध्यांनी एकमेकांत अडकलेली. बाळाच्या डोक्यात हे सांधे मोकळे असतात, म्हणूनच आपल्या आज्या टाळूवर तेल घालताना हात इतका हलका ठेवायच्या. पुढची टाळू बहुधा दीड वर्षापर्यंत भरते. एकदा भरली की डबा बंद, आत सूज आली तर फुगायला जागा नाही. डोक्याला मार लागल्यावर डॉक्टर माणसाला तासन् तास नजरेखाली ठेवतात ते यासाठी.

छातीचा पिंजरा याच्या उलट, लवचिक. बरगड्यांच्या १२ जोड्या, पुरुषांना आणि बायकांनाही तितक्याच. वरच्या ७ थेट छातीच्या मधल्या हाडाला, पुढच्या ३ वरच्या बरगडीच्या कूर्चेला जोडलेल्या, आणि शेवटच्या २ पुढून मोकळ्या. मागे मात्र सगळ्या कण्यालाच टेकलेल्या. श्वास घेताना हा पिंजरा बादलीच्या कडीसारखा वर उचलला जातो. हृदय बंद पडलं तर छाती ५-६ सेंटिमीटर दाबायला शिकवतात, तेही या लवचिकपणामुळेच शक्य होतं.

आता कणा. मूळचे मणके ३३. पण खालचे ५ जुळून त्रिकास्थी होते आणि शेवटचे ४ जुळून माकडहाड. म्हणजे मोकळे उरले २४: मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५. (जिराफाच्या मानेतही ७च, फक्त लांबलांब.) मानेच्या पहिल्या मणक्यावर कवटी पुढेमागे डुलते, तेव्हा आपण "हो" म्हणतो. पहिला मणका दुसऱ्याभोवती फिरतो तेव्हा "नाही". आणि आपली ती "बरं बरं, बघू" वाली तिरकी मान, जी इथल्या शेजाऱ्यांना वीस वर्षांत कळलेली नाही, तिला अख्खी मानच कामाला लागते.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. दिवसभरात ती दबते, रात्री पाणी शोषून फुगते. त्यामुळे सकाळी आपण सुमारे एक सेंटिमीटरने उंच असतो. आपली नेहमीची पाठदुखी या गाद्यांची, सांध्यांची, स्नायूंची. त्रासदायक खरी, पण यंदाचा निधी तिच्यासाठी नाही.

प्रत्येक मणक्याला मागे एक भोक असतं. मणके एकावर एक रचले की त्या भोकांची नळी होते आणि तिच्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. जाडी करंगळीएवढी, आणि संपतो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. मणका मोडला तर हाड भरून येतं; रज्जू तुटला तर आजही जोडता येत नाही. छातीच्या पातळीवर इजा झाली तर पाय जातात, लघवी-शौचावरचा ताबाही जातो. मानेत झाली तर हातही. आणि मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून श्वासपटलाची नस निघते, त्याच्या वर इजा झाली तर श्वासच थांबू शकतो.

आमच्या एका सभासदांचे मामेभाऊ कोकणात आंबे काढताना झाडावरून पडले. पडल्यावर ते बोलत होते, पायाची बोटं हलवत होते. शेजारी धावले, दोघांनी काखेत धरलं, दोघांनी पाय, आणि घडी घालावी तसं रिक्षात बसवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं हलायची थांबली होती. कुणाचा हेतू वाईट नव्हता. इजा पडण्याने झाली की उचलण्याने, हे आज कुणीच सांगू शकणार नाही, पण ते शेजारी अजून त्यांच्या घरासमोरून मान खाली घालून जातात.

म्हणून गावी फोन कराल तेव्हा एवढं जरूर सांगा. उंचावरून पडलेल्या किंवा अपघात झालेल्या माणसाला उठवून बसवू नये. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरावं आणि १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून मोफत आहे. हलवणं भागच असेल तर चार-पाच जणांनी डोकं, पाठ, पाय एका रेषेत ठेवून फळीवर किंवा दारावर घ्यावं. श्वास चालू नसेल तर मात्र कण्याचा विचार नंतर, छाती दाबणं आधी.

आणि पुढे? स्पर्श कळत नसल्यामुळे एकाच कुशीवर पडून त्रिकास्थीवरची कातडी मरते, जखमा होतात. पूर्वी बरेच रुग्ण दोन-तीन वर्षांत या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने दगावत. हे बदललं ते आपल्या इथूनच, एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातून. नाझी जर्मनीतून निसटून आलेल्या डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली तिथे विभाग उघडला. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, हा त्यांचा दंडक. १९४८ साली, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी १६ रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचं मूळ ते. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेतलं ते सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी. १९६५ च्या युद्धात त्यांच्या कण्यात गोळी शिरली होती.

आमच्या सभासदांचे बंधू आज चाकाच्या खुर्चीवरून घरचं किराणा दुकान चालवतात. पहिली दीड वर्षं त्यांनी खाटेवर काढली, कारण हवेची गादी, मापाची खुर्ची आणि घरी येऊन शिकवणारं माणूस यांपैकी काहीच नव्हतं. निधी या तीन गोष्टींसाठीच आहे. खुर्ची मापाचीच हवी, हा आग्रह समजून घ्या. इथल्या तळघरातल्या जुन्या खुर्च्या पाठवायची सूचना आम्ही त्यासाठीच नम्रपणे नाकारली.

चेक मंडळाच्या नावाने काढावा. मधल्या पानावरच्या गिफ्ट एडच्या चौकटीत सही करायला विसरू नका. तुम्ही इथे कर भरत असाल तर तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स वर मिळतात, आणि गेल्या वेळी निम्म्या फॉर्मांवर सहीच नव्हती.