भांडण मालक-कामगारांचं, भुर्दंड ग्राहकाला! हॉकीच्या तीन गोष्टी आणि आपल्या दुकानाचा हिशेब



आज एक सरळ प्रश्न. तुमच्या दुकानातल्या दोन पोरांनी उद्या सकाळी काम बंद केलं आणि शटर आठ दिवस खाली राहिलं, तर नवव्या दिवशी तुमचे किती ग्राहक परत येतील? अंदाजे आकडा कागदावर लिहून ठेवा. लेख संपल्यावर तो पुन्हा बघायचा आहे.

धंदा म्हटला की आपण भांडवल, जागा, माल, जाहिरात यावर तासन् तास बोलतो. पण आतल्या भांडणाने बंद पडलेल्या धंद्याबद्दल कुणी बोलत नाही. पगाराची कुरबुर, भावाभावातली वाटणी, थकलेली मजुरी ही भांडणं घरातली असली तरी त्यांचा फटका बाहेर उभ्या असलेल्या माणसाला बसतो. तो बिचारा पैसे घेऊन दारात येतो आणि कुलूप बघून परत जातो.

हे समजायला आज हॉकीच्या मैदानावर जाऊ. व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

गोष्ट पहिली: पुणे, जानेवारी २०१०

फेब्रुवारीच्या शेवटी दिल्लीत हॉकीचा विश्वचषक होता. भारतीय पुरुष संघाचं सराव शिबिर पुण्यात बालेवाडीला चालू होतं. त्याआधी २००८ मध्ये आपला संघ बीजिंग ऑलिंपिकला पात्रसुद्धा ठरला नव्हता. ८० वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. त्यामुळे घरच्या मैदानावरच्या या स्पर्धेकडे हॉकीवाले डोळे लावून बसले होते.

आणि नेमकं तेव्हाच खेळाडूंनी सराव बंद केला. कारण साधं होतं. त्यांचे ठरलेले पैसे थकले होते. हॉकी इंडियाने प्रत्येकी २५,००० रुपये देऊ केले, खेळाडूंनी ते नाकारले. पलीकडून कारवाईचा इशारा आला. कर्णधार राजपाल सिंगसह सगळा संघ मात्र एकत्र राहिला.

इथे चाहत्यांचं वागणं बघण्यासारखं आहे. देशासाठी खेळायचं सोडून पैसे मागतात, असं म्हणणारे होते. पण बहुतेक लोकांचा राग खेळाडूंवर निघालाच नाही, तो संघटनेवर निघाला. कारण हिशेब कुणालाही कळण्यासारखा होता: काम झालंय, पैसे ठरलेत, मिळाले नाहीत. शेवटी प्रायोजक सहारा समूह १ कोटी रुपये घेऊन पुढे आला, चर्चा झाली आणि काही दिवसांत सराव पुन्हा सुरू झाला. २८ फेब्रुवारीला पहिल्याच सामन्यात आपण पाकिस्तानला ४-१ ने हरवलं. पुढे मात्र गाडी घसरली आणि संघ आठव्या क्रमांकावर राहिला. आठव्या क्रमांकाला संप जबाबदार होता असं मी म्हणणार नाही. पण मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर सरावाचे दिवस पगाराच्या भांडणात गेले, हे खरं.

यातली धंद्याची गोष्ट लक्षात आली का? भांडण फुटलं कधी? विश्वचषकाच्या सात आठवडे आधी! हा योगायोग नाही. ज्याचे पैसे अडकलेत, तो गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच बोलतो, कारण तेव्हाच त्याचं ऐकलं जातं. तुमचा कारागीर ऐन लग्नसराईत अडून बसतो, हेल्पर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात "शेठ, आधी हिशेब करा" म्हणतो, तेव्हा तुम्ही त्याला संधीसाधू म्हणता. पण आखाजीपासून त्याने चारदा विषय काढला होता आणि तुम्ही "बघू" म्हणाला होतात, हे कोण सांगणार?

गोष्ट दुसरी: पुणे स्ट्रायकर्स कुठे गेले?

२०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी नावाची लीग सुरू झाली. शहरांचे संघ, रात्रीचे सामने, टीव्हीवर प्रक्षेपण, सगळा थाट. आपल्या महाराष्ट्राचे दोन संघ होते, मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. पुण्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि शेर-ए-पंजाबकडून हरला.

पुढे? खेळाडूंचे पैसे थकल्याच्या तक्रारी आल्या आणि लीगचा दुसरा मोसम कधी झालाच नाही. ज्या पोरांनी पुण्याच्या संघासाठी घसा बसेपर्यंत आरडाओरडा केला, त्यांना कुणी येऊन सांगितलंही नाही की, "भाऊ, दुकान बंद झालं."

मित्रांनो, मोठं उद्घाटन करणं सोपं आहे. मंडप, फुगे, पाहुण्यांच्या हस्ते फीत, पहिल्या दिवशी पेढे. कसोटी लागते ती तिसऱ्या पगाराला. उद्घाटनाला ४०,००० खर्च करणाऱ्याने तिसऱ्या महिन्याचा पगार बाजूला काढलाय का, हे आधी विचारा.

गोष्ट तिसरी: बर्फावरचं भांडण

आता जरा लांब जाऊ. अमेरिका आणि कॅनडात बर्फावरची हॉकी खेळतात. तिथली सगळ्यात मोठी लीग एनएचएल. १६ सप्टेंबर २००४ ला मालकांनी खेळाडूंना कुलूप लावलं, म्हणजे लॉकआउट. मालकांचं म्हणणं होतं की पगार इतके वाढलेत की धंदा तोट्यात आहे. त्यांनी आर्थर लेव्हिट यांच्याकडून अहवाल करून घेतला होता. त्यात एका मोसमाचा तोटा २७ कोटी डॉलरच्या वर दाखवला होता. खेळाडूंच्या संघटनेने तो आकडा मानलाच नाही.

१६ फेब्रुवारी २००५ ला अख्खा मोसम रद्द झाला. नेहमीच्या मोसमातले १,२३० सामने गेले. शेवटी तडजोड झाली, खेळाडूंचे पगार २४ टक्के कापले गेले आणि प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. बरं, एवढ्यावर शहाणे झाले का? नाही. २०१२ मध्ये पुन्हा कुलूप! जानेवारी २०१३ मध्ये तिढा सुटला तोपर्यंत ५१० सामने गेले होते.

इथे चाहते दोघांवरही चिडले. पुण्यात बाजू स्पष्ट होती, इथे लखपती आणि कोट्यधीश भांडत होते. तिकीट काढणाऱ्या माणसाला वाटलं, "तुम्ही दोघं माझ्याच पैशावर भांडताय आणि मला कुणी विचारत नाही." २०१२ मध्ये काही चाहत्यांनी तर ठरवलं की, आता यापुढे तुम्ही जेवढे सामने रद्द कराल तेवढ्या सामन्यांवर आम्ही बहिष्कार टाकू.

आणि तरी गंमत बघा. २००५ मध्ये लीग परत सुरू झाली तेव्हा बर्फावर मोठ्या अक्षरात चाहत्यांचे आभार रंगवले होते, आणि त्या मोसमात प्रेक्षकांच्या संख्येचा विक्रम झाला! म्हणजे चिडलेले चाहते परत आले.

आता तुम्ही म्हणाल, "मग सर, काळजी कशाची? लोक विसरतात."

इथेच खरी मेख आहे.

फॅन परत येतो, ग्राहक येईलच असं नाही

एनएचएलचा चाहता परत आला, कारण त्या दर्जाची हॉकी त्याला दुसरीकडे मिळत नव्हती. त्याचा आजा त्याच संघाचा चाहता होता. तो चिडेल, शिव्या देईल, पण जाणार कुठे?

तुमचा ग्राहक मात्र दहा पावलांवर दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो.

आपल्या पारोळ्याचंच उदाहरण घ्या. गावाला रेल्वे नाही. धुळे असो, जळगाव असो, अमळनेर असो, साध्या माणसाचा आधार एसटी. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. राज्य शासनात विलीनीकरण ही मुख्य मागणी होती. मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं, तोवर जवळजवळ सहा महिने होत आले होते. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, तुटपुंज्या आणि उशिरा होणाऱ्या पगारावर घर चालवणं काय असतं ते आपल्याकडच्या अनेक घरांना माहीत आहे. पण प्रवासी काय करणार? कॉलेज, दवाखाना, कोर्टाची तारीख थांबत नाही. लोकांनी काळी-पिवळी धरली, शेअरिंगची गाडी शोधली, कुणी जुनी मोटारसायकल घेतली.

एकदा दारात मोटारसायकल आली की माणूस बसस्थानकावर कशाला येईल? एसटीला प्रवासी परत आणायला नुसते आभार पुरले नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, आणि गाड्या पुन्हा भरल्या. त्या सवलतीचा भार राज्य सरकार उचलतं.

तुमच्यामागे सरकार नाही आणि तुमच्याकडे तीन पिढ्यांचे चाहतेही नाहीत. म्हणून तुमचं भांडण शटरपर्यंत यायच्या आधी मिटलं पाहिजे. ते कसं, ते आता बघू.

पाच कामं, याच महिन्यात

१. पगाराची तारीख पक्की करा. कायद्यानेही महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. "गल्ला झाला की देतो" ही तारीख नव्हे. उचल दिली तर वहीत लिहा आणि दोघांची सही घ्या. जास्त वेळ थांबवलं तर त्याचे किती, दिवाळीला काय, सुट्टी किती, हे सगळं एका पानावर लिहा. पुण्याच्या भांडणाचं मूळ हेच होतं, ठरलेलं वेळेवर हातात पडलं नाही.

२. सीझनच्या दीड महिना आधी हिशेबाला बसा. तुमचा विश्वचषक कोणता? कुणाचा दिवाळी, कुणाचा लग्नसराई, कुणाचा कापसाचा हंगाम, कुणाचा बालाजी महाराजांचा रथोत्सव. त्याच्या दीड महिना आधी प्रत्येकाला स्वतःहून विचारा, "माझ्याकडे तुझं काही बाकी आहे का?" हा प्रश्न मालकाने विचारला तर चर्चा होते. कामगाराला विचारावा लागला तर भांडण होतं.

३. गल्ला नव्हे, हिशेब दाखवा. एनएचएलचे खेळाडू मालकांच्या आकड्यावर विश्वास ठेवत नव्हते. तुमचा हेल्परही रोज संध्याकाळी भरलेला गल्ला बघतो आणि मनात म्हणतो, "शेठ तर खोऱ्याने ओढतोय." त्याला एकदा मांडून दाखवा. समजा गल्ला १०,०००. मालाचे ७,००० गेले, भाडं ५००, वीज १५०, बँकेचा हप्ता ६००, दोन जणांची मजुरी ८००. एकूण खर्च ९,०५०. मालकाला राहिले ९५०. हे बघितल्यावर तो वाढ मागायचं बंद करेल असं नाही. पण तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवेल. आणि जमलं तर ठरावीक विक्रीच्या वर एक छोटा टक्का त्याला द्या. विक्री वाढली की त्याचाही फायदा, मग ग्राहक त्यालाही आपला वाटतो.

४. पगाराची वेगळी पुंजी करा. चार जणांचा प्रत्येकी १२,००० पगार म्हणजे महिन्याला ४८,०००. दोन महिन्यांचे ९६,००० वेगळ्या खात्यात हवेत. आकडा ऐकून घाबरू नका. रोज १६० रुपये बाजूला टाका. वर्षात ३०० दिवस दुकान चाललं तर ४८,००० होतात, दोन वर्षांत ९६,०००. उधारी अडकली, पाऊस लांबला, तरी ७ तारखेला तुमचा शब्द खाली पडणार नाही.

५. काम अडलंच, तर ग्राहकाला आधी सांगा. सगळं करूनही कधीतरी अडतं. तेव्हा फोन बंद करून बसू नका. साधा व्हॉट्सॲप मेसेज टाका: "ताई, तुमचं काम गुरुवारी देणार होतो, ते सोमवारी होईल. घाई असेल तर तुमचं कापड आजच परत घेऊन जा, ॲडव्हान्सही परत देतो. झालेल्या त्रासाबद्दल शिलाईत १०० रुपये कमी घेईन." यात कारागिराची चुगली नाही, रडगाणं नाही. ग्राहकाला तुमच्या घरातल्या भांडणात पंच व्हायचं नसतं. त्याला फक्त त्याचं काम कधी होणार ते हवं असतं.

आणि जे आज नोकरीत आहेत त्यांच्यासाठी

आपल्या चॅनलवर अनेक जण असे आहेत जे आज दुसऱ्याच्या दुकानात काम करतात आणि उद्या स्वतःचं काढणार आहेत. तुमचे पैसे थकले असतील तर मागा, त्यात लाज नाही. भारताच्या संघालाही मागावे लागले. फक्त तारीख, रक्कम, काय ठरलं होतं, हे लिहून ठेवा आणि आधी समोरासमोर बोला. आणि ही वेळ कशी वाटते ते विसरू नका. उद्या गल्ल्यावर तुम्ही बसाल तेव्हा ही आठवण कोणत्याही कोर्सपेक्षा जास्त कामाला येईल.

आता तो कागद काढा

सुरुवातीला लिहिलेला आकडा बघा. शंभरातले सत्तर परत येतील असं लिहिलं असेल, तर त्या सत्तर जणांची नावं लिहून बघा. जिथे नावं आठवायची थांबतील, तो तुमचा खरा आकडा. बाकीचे सोयीचे ग्राहक आहेत, त्यांची सोय मोडली की ते गेले.

गृहपाठ एकच: येत्या ७ तारखेच्या आत ते एक पानी कागद तयार करा, तुमच्याकडच्या माणसाला वाचून दाखवा आणि त्याची सही घ्या. तो काय म्हणाला ते कमेंटमध्ये लिहा, नाव नाही लिहिलं तरी चालेल. पुढच्या व्हिडिओत उधारीच्या वहीवर बोलू, कारण पगार थकण्याचं निम्मं कारण त्या वहीतच असतं.

भेटू मग. धंदा जपा, आणि धंद्यातली माणसंही!