मापके, डीझेल वाहनांतील पूरक

निर्मात्याने वाहनाच्या दर्शनी फलकावर दिलेल्या उपकरणांव्यतिरिक्त, एंजिनाच्या अंतर्भागातील दाब, तापमान व विद्युत् स्थिती आकड्यांत कळावी म्हणून मागाहून बसवून घेतलेली उपकरणे. लोकव्यवहारात 'पिकअप' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू गाड्यांत ती विशेष उपयोगी पडतात. वंगण तेलाचा दाब, शीतन जलाचे तापमान, निष्कास वायूंचे (ज्वलनानंतर बाहेर पडणाऱ्या वायूंचे) तापमान, टर्बोचार्जरने सिलिंडरांकडे लोटलेल्या हवेचा दाब आणि विद्युत् दाब या पाच राशी त्यांनी मोजल्या जातात. मापकाची तबकडी चालकासमोर असली, तरी मोजणी तिच्यात होत नाही. ती एंजिनावर बसविलेल्या संवेदकात होते. म्हणून संवेदक कोठे, कसा व कशाच्या संपर्कात बसविला आहे यावरच दर्शविलेल्या आकड्याची किंमत ठरते.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीत बहुधा इंधनाची पातळी, वेग व पाण्याचे तापमान यांचीच मापके असतात; तेलाच्या दाबासाठी केवळ लाल दिवा असतो. बहुतेक गाड्यांत हा दिवा दाब सु. ०.३ ते ०.६ किग्रॅ./सेंमी.² इतका खाली आल्यावर लागतो. चालू एंजिनाचा नेहमीचा दाब ३ ते ४ असताना तो दीडपर्यंत उतरला, तरी दिवा गप्पच राहतो आणि तो लागेपर्यंत भुजादंडाच्या धारव्यांची झीज सुरू झालेली असते. पाण्याच्या तापमानाचा काटाही अलीकडील गाड्यांत मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. पाणी सु. ७५° से. पासून १००° से.च्या पुढे जाईपर्यंत काटा मध्यावर राहावा, अशी योजना इलेक्ट्रॉनिक मंडलात केलेली असते. काटा सतत हलताना पाहून ग्राहकाने तक्रार करू नये, हा त्यामागील हेतू होय. शहरातील प्रवासी गाडीस ते चालून जाते, भार वाहणाऱ्या गाडीस नाही.

नागपूरच्या पूर्व भागातील कळमना येथे नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार आहे. धान्य, मिरची, संत्री व भाजीपाला यांची तेथे मोठी उलाढाल होते आणि आसपासच्या तालुक्यांतील पुष्कळसा माल पिकअप गाड्यांतून येतो. अशा गाडीचा मालकच अनेकदा तिचा चालक असतो व गाडी हप्त्यांवर घेतलेली असते. एंजिन उघडावे लागले, तर दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेला हंगाम असे दुहेरी नुकसान त्यास सोसावे लागते. संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणीस येतो. लाल मिरचीची आवकही याच सुमारास वाढते. म्हणजे गाड्यांना काम वाढते तेव्हाच ऊनही वाढू लागते.

या उन्हाचा परिणाम साध्या गणिताने समजतो. रेडिएटरमधून हवेत जाणारी उष्णता पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. पाणी ९०° से. धरल्यास हिवाळ्यातील १२° से.च्या पहाटे हा फरक ७८ अंश, तर मे महिन्यातील ४५° से.च्या दुपारी ४५ अंशच उरतो. म्हणजे तेच रेडिएटर, तोच पंखा असूनही उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सु. दोन-पंचमांशाने घटते. त्यात चढाची भर पडते. नागपूर समुद्रसपाटीपासून सु. ३१० मी., तर छिंदवाडा सु. ६७५ मी. उंचीवर असून सौंसरनंतर सिल्लेवानी घाट लागतो. कळमन्यातून माल भरून भर दुपारी या घाटात शिरलेल्या गाडीचे पाणी काही मिनिटांत दहा-पंधरा अंशांनी वर चढू शकते. मूळ काटा मात्र मध्यावरच असतो.

पाण्याच्या तापमानाचा संवेदक थर्मोस्टॅटच्या एंजिनाकडील बाजूस, सिलिंडर-शीर्षातून पाणी बाहेर पडते तेथे बसवावा. थर्मोस्टॅटच्या पलीकडे रेडिएटरच्या नळीत तो बसविणे सोपे असते व म्हणूनच पुष्कळदा तसे केले जाते. परंतु थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्यास त्या नळीतील पाणी थंडच राहते आणि एंजिन तापत असता मापक निश्चिंत करणारा आकडा दाखविते. याहून फसवी अवस्था म्हणजे पाणीच गळून जाणे. संवेदकाभोवती पाण्याऐवजी हवा राहिली की आकडा वाढण्याऐवजी खाली येऊ शकतो. चढावर चढत असलेला काटा अकस्मात घसरला, तर चालकाने दिलासा न मानता गाडी थांबवावी. रेडिएटरचे दाबाचे झाकण मात्र त्या वेळी उघडू नये. सु. १ किग्रॅ./सेंमी.² दाबाच्या झाकणाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू १२०° से.च्या आसपास जातो. झाकण काढताच तेच पाणी उकळून अंगावर येते.

वंगण तेलाचा दाब यांत्रिक वा विद्युत् अशा दोन पद्धतींनी मोजतात. यांत्रिक मापकात फ्रेंच अभियंते यूझेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वक्र नळी असते. आतील दाबाने ती उलगडू पाहते व तिच्या टोकाची हालचाल काट्यास मिळते. हे मापक भरवशाचे असते, पण त्यासाठी तापलेले तेल बारीक नळीतून थेट चालकाच्या कक्षात आणावे लागते. नळी तांब्याची असल्यास एंजिनाच्या कंपनाने ती ठिसूळ होऊन तडकते. म्हणून एंजिनाजवळ तिला एक-दोन वेढे देतात. विद्युत् पद्धतीत संवेदक दाबाप्रमाणे आपला रोध बदलतो. येथे दोन चुका वारंवार आढळतात. पहिली, संवेदक व मापक वेगवेगळ्या मालिकांतील घेणे : एका प्रचलित मालिकेत दाबाबरोबर रोध १० पासून १८० ओहमपर्यंत वाढतो, तर दुसरीत २४० पासून ३३ पर्यंत उतरतो. यांची अदलाबदल झाली की दाब वाढताना काटा खाली जातो. दुसरी, एकच तार असलेल्या संवेदकाच्या आट्यांवर गळती थांबविण्यासाठी पांढरी टेफ्लॉन फीत गुंडाळणे. अशा संवेदकाचे विद्युत् मंडल त्याच्या आट्यांमधून एंजिनाच्या धातूत पूर्ण होते. फीत जाड बसल्यास ते तुटते व मापक भलतेच काही दाखवू लागते. मूळ लाल दिव्याचा खटका काढून त्या जागी नवा संवेदक बसवू नये. तीन तोंडांचा जोड घालून दोन्ही ठेवावेत. आकडा पाहण्याचे विसरले जाते, दिवा दिसतो.

डीझेल गाडीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे व बसविण्यास सर्वांत कठीण असे मापक निष्कास तापमानाचे आहे. पेट्रोल एंजिनात हवा झडपेने कमीजास्त करतात. पारंपरिक डीझेल एंजिनात हवा अडविली जात नाही; केवळ इंधनाची मात्रा बदलते. (त्यामुळे पेट्रोल गाडीवर उपयोगी पडणारे निर्वात-मापक अशा एंजिनावर निरर्थक ठरते.) हवेच्या मानाने इंधन जितके अधिक, तितके निष्कास वायू तप्त, असा येथील सर्वसाधारण नियम आहे. पंपाची मात्रा वाढवून 'जोर' आणलेल्या गाडीत, हवेची गाळणी धुळीने तुंबल्यास किंवा टर्बोचार्जरची नळी फाटल्यास हे तापमान चढते. त्याचा घाव दट्ट्याचा माथा, झडपा व टरबाइनाची पाती यांवर पडतो. टरबाइनापूर्वी मोजलेले तापमान दीर्घकाळ ७०० ° से.च्या वर जाऊ देऊ नये, असा सामान्य संकेत आहे. पाण्याचे तापमान ही वाढ पुष्कळ उशिरा सांगते.

ते मोजण्यासाठी तपयुग्म वापरतात. दोन भिन्न धातूंचे सांधे भिन्न तापमानांस ठेवल्यास मंडलात विद्युत् प्रवाह वाहतो, हे टोमास योहान झेबेक यांना १८२१ मध्ये आढळले होते. निकेल-क्रोमियम व निकेल-ॲल्युमिनियम या मिश्रधातूंच्या तपयुग्मात दर अंशास सु. ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे ७०० ° से. ला सु. २९ मिलिव्होल्ट एवढाच विद्युत् दाब मिळतो. इतक्या सूक्ष्म संकेताची तार साध्या तांब्याच्या तारेने लांबविल्यास जोडाच्या ठिकाणचे तापमान हिशोबात शिरून आकडा चुकतो. जोडतार त्याच प्रकारच्या मिश्रधातूंची हवी. तपयुग्माची सळई सिलिंडरांचे वायू एकत्र आणणाऱ्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये, टरबाइनाच्या अलीकडे व झोताच्या मध्यापर्यंत पोहोचेल अशी बसवितात. पलीकडे बसविल्यास काम सोपे होते, पण टरबाइन वायूंतील ऊर्जा घेत असल्याने जोरकस भाराखाली तेथील आकडा शंभर-दोनशे अंशांनी कमी येतो व हा फरक भाराप्रमाणे बदलत असल्याने वजाबाकीने सुधारता येत नाही. बिडास भोक पाडताना निघणारा कीस टरबाइनात गेल्यास पाती खरचटतात. काही मिस्त्री एंजिन चालू ठेवून, वायूच्या झोताने कीस बाहेर पडेल या भरवशावर भोक पाडतात. मॅनिफोल्ड उतरवून भोक पाडणे व नवी गॅस्केट घालून तो पुन्हा बसविणे यात अधिक वेळ मोडतो, पण खात्रीचा मार्ग तोच. या मापकाचा आणखी एक उपयोग गाडी थांबविताना होतो. भरधाव आलेली गाडी बाजाराच्या फाटकात पोहोचताच बंद केली, तर टर्बोचार्जरच्या धारव्यातील तेल जागीच जळून काजळी धरते; आकडा २०० ° से.च्या जवळ येईतो एंजिन मंद गतीने चालू ठेवावे.

हवेच्या दाबाचे मापक बसविणे त्या मानाने सोपे असून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरनंतरच्या नळीस जोड दिला की पुरते. एकाच चढावर, तेवढ्याच भाराने नेहमीपेक्षा कमी दाब व अधिक निष्कास तापमान दिसल्यास हवेच्या मार्गात गळती असल्याचे ओळखता येते. विद्युत् दाबमापकाने १२ व्होल्टच्या व्यवस्थेत एंजिन बंद असता सु. १२.६ व चालू असता १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवावे.

सर्व मापकांची वीज चावी फिरविल्यावरच मिळणाऱ्या तारेतून, ३ ते ५ अँपिअरच्या स्वतंत्र फ्यूजमार्गे घ्यावी. एंजिन व कक्ष यांमधील पत्र्याच्या भोकात रबरी कडे न घालता तार ओवल्यास कंपनाने तिचे आवरण सोलले जाते; गाडी पेटण्यास तेवढे कारण पुरते.

भारत स्टेज-६ हे प्रदूषणविषयक मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर डीझेल गाड्यांत संवेदकांची संख्या पुष्कळ वाढली. त्यांचे आकडे निदान-जोडणीतून छोट्या पडद्यावर वाचता येत असल्याने पाण्याचे तापमान व हवेचा दाब यांसाठी नव्या गाडीत भोके पाडण्याचे बहुधा कारण उरत नाही. वंगण तेलाच्या दाबाचा आकडा मात्र पुष्कळ गाड्यांत तेथेही मिळत नाही, कारण मुळात खटकाच बसविलेला असतो. काजळीची गाळणी स्वतःला जाळून साफ करते तेव्हा तिच्यापाशी निष्कास तापमान ६०० ° से.च्या आसपास जाते. तो बिघाड नव्हे. हमीच्या मुदतीत मॅनिफोल्डला भोक पाडल्यास हमी नाकारली जाण्याचा संभव असतो.

बसविलेले मापक पडताळून पाहणे अगत्याचे असते. पाण्याच्या तापमानाचा संवेदक तारेसह उकळत्या पाण्यात बुडवावा. नागपूरच्या उंचीवर काटा ९९° से.च्या जवळ यावयास हवा. दोन-तीन अंशांचा फरक चालतो, दहाचा नाही. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६° से. तापमानाची नोंद होऊन मोठी खळबळ उडाली होती. पुढे संवेदकातील बिघाडामुळे ती चुकीची आल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले. तेथे शेजारच्या केंद्रांचे आकडे ताडून पाहण्यास उपलब्ध होते. गाडीत तशी सोय नसते; म्हणून मापके बसविल्यानंतर गाडी रिकामी व भरलेली, सपाट रस्त्यावर व घाटात, सकाळी व दुपारी चालवून प्रत्येक मापकाचा नेहमीचा आकडा वहीत टिपून ठेवतात. पुढील हंगामात काट्याची जागा या टिपणाशी ताडून पाहिली जाते.