विषाणूलाही ऊन बाधतं!

डिसेंबर-जानेवारीत अकोला-अमरावतीकडच्या वावरांत हरबरा घाट्यावर येतो. हुळा खायचे दिवस! पण एखाद्या घाट्याला गोल भोक असतं आणि आत दाणाच नसतो. ही करामत घाटेअळीची. हीच अळी कपाशीची बोंडं आणि तुरीच्या शेंगाही पोखरते.

तिच्यावर जालीम औषधं आहेत. पण ती औषधं माणसालाही बाधतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून दुसरा उपाय माहीत असायला हवा. तो उपाय म्हणजे चक्क अळीचा आजार!

अळीला लागण

अळीला आजारी पाडणारा एक विषाणू आहे. शेतकरी त्याला एचएएनपीव्ही म्हणतात. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही हरबऱ्यावर तो फवारायला सांगतं. हे विषाणू प्रथिनाच्या बारीक गोळ्यांत बंद असतात. अळीने पाल्यासोबत गोळी खाल्ली की पोटातल्या खारट-तुरट नव्हे, तर साबणासारख्या अल्कधर्मी रसात ती विरघळते आणि विषाणू मोकळे होतात. काही दिवसांत अळी सुस्तावते, झाडाच्या शेंड्यावर चढते आणि उलटी लटकून मरते. माणसाला, गाईगुरांना, मधमाश्यांना हा आजार होत नाही.

मात्र एक अट असते : फवारणी संध्याकाळी करायची. पाण्यात थोडी नीळ किंवा राणीपाल टाकायचा. औषधात कपड्यांची नीळ कशाला, असं वाटलं ना? उत्तर विषाणूच्या पोटात दडलंय.

दप्तराची चेन

विषाणूत डीएनए असतो. डीएनए म्हणजे पिळलेली लांबच लांब शिडी. या विषाणूच्या शिडीला सुमारे १ लाख ३१ हजार पायऱ्या आहेत. अळीच्या शरीरात शिरल्यावर त्याला या शिडीच्या हजारो नकला काढाव्या लागतात. त्यासाठी आधी शिडी मधोमध उघडायला हवी.

दप्तराची चेन आठवा. रनर ओढला की दात सुटत जातात. विषाणूकडेही असा रनर असतो. त्या विकराचं नाव हेलिकेज. त्याच्यामागून पॉलिमरेज नावाचं दुसरं विकर येतं आणि उघडलेल्या बाजूंची नक्कल करतं.

हा रनर किती महत्त्वाचा, ते ऐका. अशाच एका विषाणूची रेशमाच्या किड्यात वाढ होत नव्हती. शास्त्रज्ञांनी त्याच्या हेलिकेजच्या जनुकात अगदी थोडा बदल केला आणि तो रेशमाच्या किड्यातही वाढू लागला!

ऊन काय करतं?

उन्हात न दिसणारे अतिनील किरण असतात. उन्हाचा चटका वेगळा आणि हे किरण वेगळे. म्हणून थंडीतल्या कोवळ्या वाटणाऱ्या उन्हातही ते असतातच. डीएनएच्या एका बाजूवर शेजारी-शेजारी असलेले दोन थायमिन हे किरण एकमेकांना चिकटवून टाकतात. चेनचे दोन दात वितळून एक झाले, असं समजा.

मग रनरचं काय होतं? हे टी-७ नावाच्या, जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूत नीट तपासलं गेलं आहे. त्याचं हेलिकेज बांगडीसारखं असतं. ते एका दोरीवरून सरकतं. धुरातल्या बेन्झोपायरिनसारख्या रसायनाचा मोठा गोळा त्याच दोरीला चिकटला, तर बांगडी तिथेच अडकून बसते. गोळा दुसऱ्या दोरीवर असेल, तर ती बाजूने निघून जाते.

उन्हाने पडलेली गाठ त्यामानाने छोटी. तिथे मुख्य पंचाईत होते ती नक्कल करणाऱ्या पॉलिमरेजची. पण २०१५ साली अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना आढळलं, की टी-७ची ही दोन विकरं एकमेकांना घट्ट धरून असली, तर जोडीने ती गाठही ओलांडू शकतात! एकीचं बळ म्हणतात ते हेच.

पण अशा गाठी किती ओलांडणार? पानावर पडलेला विषाणू भर उन्हात राहिला, तर गाठींवर गाठी पडतात. मग अळीने तो खाल्ला तरी नकला पुऱ्या होत नाहीत. अळी ठणठणीत राहते आणि शेतकऱ्याचा पैसा वाया जातो.

संध्याकाळी फवारलं तर अळीला रात्रभर तो पाला खायला मिळतो. राणीपालसारखी पावडर अतिनील किरण स्वतःच शोषून घेते. जणू विषाणूच्या डोक्यावरची छत्रीच!

एवढं करा

दप्तराच्या चेनच्या एका बाजूच्या दोन दातांवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा आणि रनर हळूच ओढून पाहा. कुठे अडतो? तुकडा मोठा केला तर काय होतं? वहीत लिहा.

आणि पालकहो, घरी शेती असेल तर हे पान मुलांसोबत वाचा. फवारणी कोणतीही असो, मुलांना पंपाजवळ येऊ देऊ नका, स्वतः तोंडाला फडकं आणि हातात मोजे घाला. आणि विषाणू फवारायचा असेल, तर दिवस कलू द्या!