युरोपचे वाढते वय आणि कामाचा प्रश्न

१९६४ या एका वर्षात जर्मनीच्या तेव्हाच्या दोन्ही राज्यांत मिळून १३ लाख ५७ हजार मुले जन्मास आली. त्यानंतर आजतागायत एका वर्षात इतकी मुले त्या देशाने पाहिलेली नाहीत. २०२३ साली एकत्र झालेल्या जर्मनीत जन्मलेल्या मुलांची संख्या ६ लाख ९३ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मी, होती. १९६४ ची मुले २०३१ साली ६७ वर्षांची होतील आणि तेथील कायद्याप्रमाणे त्यांना पूर्ण निवृत्तिवेतनाचा हक्क प्राप्त होईल. त्या वेतनाचे पैसे कोठून यावयाचे, हा आज एकट्या जर्मनीचा प्रश्न राहिलेला नसून साऱ्या युरोपचा होऊन बसला आहे.

यावर कोणी सहज विचारील, की ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे वर्गणी भरली त्यांचेच पैसे त्यांना परत द्यावयाचे. त्यात अडचण कसली? अडचण ही, की ते पैसे शिल्लक नाहीत. त्यांची अफरातफर झाली असे मुळीच नाही. वर्गणी ज्या महिन्यात भरली गेली त्याच सुमारास ती त्या वेळच्या वृद्धांना वाटली गेली. ही व्यवस्था कशी उत्पन्न झाली हे प्रथम थोडक्यात पाहू.

जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली अपघाताचा आणि १८८९ साली अपंगत्वाचा व वार्धक्याचा विमा सुरू केला. वार्धक्याचे वेतन त्या वेळी ७० व्या वर्षी मिळे. १९१६ मध्ये ही मर्यादा ६५ वर आली. त्या काळी कामगारवर्गापैकी फार थोडे लोक हे वय गाठीत, त्यामुळे सरकारवर बोजा बेताचाच पडे. पुढे दोन महायुद्धे आणि १९२३ ची भयंकर चलनवाढ यांनी साठविलेल्या निधीची राखरांगोळी केली. तेव्हा १९५७ मध्ये आडेनौअर सरकारने निवृत्तिवेतनाची सांगड चालू मजुरीशी घातली आणि हळूहळू साठ्याची कल्पनाच मागे पडली. आज काम करणाराने आजच्या वृद्धास पोसावे आणि उद्या काम करणाराने त्याला पोसावे, असा हा पिढ्यापिढ्यांमधील करार होय. युरोपातील बहुतेक देशांत कमीअधिक फरकाने हीच पद्धत रूढ झाली. ही व्यवस्था टाकीसारखी नाही, पाटासारखी आहे. वरून पाणी वाहत आहे तोवर शेवटच्या शेताला ते मिळते. वरचा ओघ आटला, की पाट कितीही पक्का बांधलेला असो, शेत कोरडेच राहावयाचे.

ओघ आटत आहे याबद्दल आता वाद नाही. युरोपीय संघाच्या २७ देशांत मिळून सुमारे ४५ कोटी लोक राहतात. लोकसंख्या आहे तेवढी टिकावयाची तर दर स्त्रीमागे सरासरी २.१ मुले व्हावी लागतात. २०२३ मध्ये ही सरासरी १.३८ होती. दर पाच माणसांत एकाहून अधिक माणूस ६५ वर्षांच्या पुढचा आहे. वीस वर्षांपूर्वी एका वृद्धामागे कामाच्या वयाची सुमारे चार माणसे होती. आज ती तीनच्या आसपास आहेत आणि शतकाच्या मध्यास दोनच्या आसपास येतील असा अंदाज आहे. याचे एक कारण घटलेले जन्म हे असले तरी दुसरे कारण वाढलेले आयुष्य हे आहे, आणि ते तर शुभच म्हटले पाहिजे. माणसे अधिक जगावीत म्हणून ज्या समाजाने शंभर वर्षे खटपट केली, त्याने ती अधिक जगू लागताच हाय खावी, हे काही शोभणारे नाही.

परंतु या आकड्यांत एक चकवा आहे, तो ध्यानात घेतला पाहिजे. त्यांत डोकी मोजली जातात, हात मोजले जात नाहीत. कामाच्या वयाचा प्रत्येक मनुष्य कामावर असतोच असे नाही. कोणी बेकार असतो, कोणी घरच्या आजाऱ्याशी जखडलेला असतो, कोणाला पंचावन्नाव्या वर्षीच घरी बसविलेले असते. पाटात पाणी सोडतात ते काम करणारे हात. म्हणून लोकसंख्येचा हा प्रश्न बराचसा कामाचाच प्रश्न आहे असे आम्हांस वाटते. आणि गेल्या पंचवीस वर्षांत युरोपीय संघाचे धोरणही याच दिशेने वळत आले आहे. २००० साली लिस्बन येथे भरलेल्या परिषदेत शेकडा ७० लोक कामावर असावेत असे उद्दिष्ट ठरले. २०२१ मध्ये पोर्तो येथे, २० ते ६४ या वयातील शेकडा ७८ लोक २०३० पर्यंत कामावर असावेत असे ठरले. २०२४ मध्ये हे प्रमाण ७५.८ पर्यंत पोहोचले होते. येथे हेही सांगितले पाहिजे, की निवृत्तीचे वय किंवा वेतनाचा दर ठरविण्याचा अधिकार संघाला नाही. तो ज्या त्या देशाचा आहे. संघाने उद्दिष्टे ठरवावीत, देशादेशांची तुलना मांडावी आणि १९५७ च्या रोमच्या तहाने स्थापिलेल्या सामाजिक निधीतून मदत करावी, एवढेच त्याच्या हाती असते.

मग हे हात आणावयाचे कोठून? प्रथम वयस्क कामगारांकडे पाहू. १९७० नंतरच्या मंदीत बेकारी वाढली, तेव्हा अनेक सरकारांनी असा हिशेब केला, की म्हाताऱ्याने खुर्ची सोडली म्हणजे ती तरुणाला मिळेल. डेन्मार्कने १९७९ मध्ये साठाव्या वर्षी काम सोडण्याची सवलत दिली. फ्रान्सने १९८३ पासून निवृत्तीचे वय ६५ वरून ६० वर आणले. वृद्ध घरी बसले, पण तरुणांची बेकारी काही हटली नाही. कारण काम म्हणजे मोजून मांडलेल्या खुर्च्या नव्हेत. घरी बसलेल्यांचे वेतन भागविण्यासाठी वर्गणी वाढली, वर्गणी वाढल्याने कामगार ठेवणे महाग झाले, आणि नवीन माणूस घेताना मालक हात आखडता घेऊ लागला. पुढे हे चक्र उलटे फिरवावे लागले. ५५ ते ६४ वयाच्या निम्म्या लोकांनी तरी कामावर असावे असे २००१ मध्ये स्टॉकहोम येथे ठरले. आज हे प्रमाण शेकडा ६० च्या पुढे गेले आहे. डेन्मार्कने तर २०४० पर्यंत निवृत्तीचे वय ७० वर नेण्याचा कायदा २०२५ च्या मे महिन्यात संमत केला.

तथापि, कायद्यात एक आकडा बदलणे सोपे. तो आकडा सर्वांना सारखा लागू होत नाही. विद्यापीठातला प्राध्यापक सत्तरीपर्यंत आनंदाने शिकवील. अठराव्या वर्षापासून छपरांवर कौले चढविणाऱ्या गवंड्याची, किंवा रुग्णांना उचलून पाठ मोडलेल्या परिचारिकेची गोष्ट निराळी आहे. शिवाय कष्टकऱ्यांचे आयुष्यही सरासरीने कमीच असते. फ्रान्सने २०२३ मध्ये निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याचा कायदा लोकसभेचे अंतिम मतदान टाळून केला, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले. २०२५ च्या अखेरीस ती वाढ स्थगित करावी लागली. त्या लोकांना हिशेब कळत नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या वाट्यास किती ओझे आले आणि दुसऱ्याच्या किती, एवढेच ते विचारीत होते. म्हणूनच, उतारवयात जमेल असे काम आधी उपलब्ध केले पाहिजे आणि वय मग वाढविले पाहिजे. दरवर्षी शेकडा ६० प्रौढांना काही ना काही नवे शिक्षण मिळावे, हे पोर्तोचे दुसरे उद्दिष्ट या दृष्टीने पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरे हात स्त्रियांचे. या बाबतीत स्वीडनमधील आल्वा व गुन्नार म्यूर्दाल या दांपत्याचे ऋण मान्य केले पाहिजे. १९३४ सालीच त्यांनी लोकसंख्येच्या प्रश्नावर पुस्तक लिहून असे मांडले, की मुले होत नाहीत म्हणून स्त्रियांना दोष देण्यात अर्थ नाही. मुले वाढविण्याचा भार समाजाने वाटून घ्यावा. याच आल्वाबाई पुढे १९५५ ते १९६१ या काळात भारतात स्वीडनच्या राजदूत होत्या. १९७४ मध्ये स्वीडनने बालसंगोपनाची रजा आईबरोबर बापालाही देऊ केली. आज ती दोघांत मिळून ४८० दिवसांची आहे. २००२ मध्ये बार्सिलोना येथे, तीन वर्षांखालील निदान शेकडा ३३ मुलांची पाळणाघरात सोय व्हावी असे संघाने ठरविले. २०२२ मध्ये हे उद्दिष्ट ४५ वर नेले. यामुळे जन्म वाढतील अशी आशा पुष्कळांनी बाळगली होती. काही काळ ती खरी होते आहे असे दिसलेही; पण २०१० नंतर स्वीडन आणि फिनलंड येथील जन्मही घसरले. पाळणाघरे काढल्याने घरचे पाळणे भरतातच असे नाही. मात्र ज्या आईला कामावर जावयाचे आहे तिचा मार्ग मोकळा होतो, आणि तेवढ्यानेही पाटाचा ओघ वाढतो.

तिसरे हात परदेशांतून येणाऱ्यांचे. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. ते चार दिवसांचे पाहुणे आहेत असे गृहीत धरल्यामुळे त्यांच्या भाषेची, मुलांच्या शाळांची नीट सोय केली नाही. १९७३ मध्ये भरती थांबली, पण पुष्कळजण तेथेच राहिले आणि त्या हयगयीची किंमत त्यांच्या मुलांनी मोजली. संघाच्या आतील स्थलांतराचीही एक बाजू आहे. बल्गेरियाची लोकसंख्या १९८५ मध्ये ८९ लाखांवर होती, ती २०२१ च्या शिरगणतीत ६५ लाखांवर आली. घटलेल्या जन्मांबरोबर पश्चिमेकडे गेलेले तरुणही याला कारण आहेत. एका घरचा दिवा लागतो तेव्हा दुसऱ्या घरचे तेल सरते, असे हे आहे.

येथे हा विषय आपल्या उंबरठ्याशी येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी व्हिशांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. जो मराठी तरुण वीजतंत्री म्हणून किंवा जी तरुणी परिचारिका म्हणून तिकडे जाईल, ती १९६४ साली जन्मलेल्यांची रिकामी जागा भरील आणि त्यांच्याच निवृत्तिवेतनाची वर्गणीही भरील. दोन्ही देशांतील वर्गणीचा काळ जोडून धरण्याचा करार २०१७ पासून अमलात आहे, ही समाधानाची गोष्ट होय. जाणाराने जर्मन भाषेइतकीच या कराराचीही माहिती करून घ्यावी.

सारांश, युरोपपुढील खरा धोका तिजोरी रिकामी होण्याचा तितकासा नाही, जितका विश्वास उडण्याचा आहे. पंचवीस वर्षांच्या कामगाराला जर वाटू लागले, की आपण आज भरतो आहोत पण आपली पाळी येईल तेव्हा पाट कोरडा असेल, तर तो वर्गणीविरुद्ध मत देईल. आणि वृद्धांची संख्या मोठी असल्यामुळे ते त्याच्याविरुद्ध मत देतील. पिढ्यांचा करार तेथे मोडेल. तो टिकवावयाचा तर वृद्धाला झेपेल असे काम, आईला पाळणाघर, तरुणाला शिक्षण आणि परक्याला बरोबरीची वागणूक ही चारही कामे एकत्रच करावी लागतील.

हे सारे दूरचे आहे असे मानून आपण स्वस्थ बसू नये. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातही दर स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत. आपल्या बहुसंख्य शेतमजुरांना आणि कारागिरांना म्हातारपणी निवृत्तिवेतनाचा आधार नाही, मुलाचाच आधार आहे. मुले कमी होत जातील तेव्हा त्यांच्यासाठी पाट खणावयाचा की नाही, आणि त्यात पाणी कोणाचे, याचा विचार ओघ भरून वाहत आहे तोवरच करावा लागतो.