वादळाचे चित्र आणि चित्राची भिंत

एडमंड बर्कने १७५७ मध्ये उदात्ताची मीमांसा करताना, भीती आस्वाद्य होण्यासाठी संकटापासूनचे अंतर आवश्यक मानले. टर्नरचे १८४२ मधील हिमवादळात सापडलेल्या आगबोटीचे चित्र रसिक अशाच अंतरावरून पाहतो. वादळाची प्रतीक्षा सुरू झाली की हे अंतर आक्रसते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. तत्पूर्वी पालघर जिल्ह्यालाही इशारा होता. जव्हार-मोखाड्याच्या वारली परंपरेत लग्नचौक रेखाटला जातो तो कुडाच्या, सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. पावसाची झड त्या भिंतीलाच भिडते. येथे वादळ हा चित्राचा विषय नसून चित्राच्या अस्तित्वाचा प्रश्न ठरतो. अंतरावर उभारलेल्या आस्वादमीमांसेने या निकटतेचाही विचार करावयास हवा.