अतिमानुष नायकांच्या मालिका : वर्ण आणि वाणी

'वर्ण' हा शब्द मराठीत तीन कामे करतो. कातडीचा रंग म्हणजे वर्ण, चातुर्वर्ण्यातील श्रेणी म्हणजे वर्ण, आणि भाषेचा मूलभूत ध्वनी किंवा तो दाखविणारे अक्षर म्हणजेही वर्णच. हे तीन अर्थ परस्परांपासून वेगळे ठेवण्याची सवय भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयत्नाने लावावी लागते. दूरचित्रवाणीवरील अतिमानुष नायकांच्या मालिका मात्र ते पुन्हा एकत्र आणून ठेवतात. पात्र कोणत्या रंगाचे, कोणत्या कुळातले आणि त्याच्या तोंडी कोणते उच्चार घालावयाचे, ह्यांचा निर्णय मालिकेत एकाच वेळी झालेला असतो. अमेरिकेत ह्या विषयाची चर्चा मुख्यत्वे रंगाच्या अंगाने झाली. महाराष्ट्रात ती वाणीच्या अंगाने केल्यास अधिक काही हाती लागेल असे दिसते.

अमेरिकेतील चर्चेलाही वाणीची बाजू आहे. ती थोडी दुर्लक्षित राहिली एवढेच. ली फॉक ह्यांच्या 1934 साली सुरू झालेल्या 'मॅन्ड्रेक' ह्या चित्रमालेतील लोथार हा आफ्रिकी राजपुत्र जगातील सर्वांत बलवान पुरुष म्हणून रंगविलेला होता. परंतु त्याच्या तोंडी असे ती मोडकीतोडकी इंग्रजी, आणि अंगावर बिबट्याचे कातडे. बळ अतिमानुष आणि व्याकरण मात्र अपुरे! 1965 च्या सुमारास फ्रेड फ्रेडरिक्स हे चित्रकार आले आणि लोथारला पोशाखाबरोबर शुद्ध वाक्यरचनाही मिळाली. त्याच सुमारास, 1966 साली, दूरचित्रवाणीवर 'ग्रीन हॉर्नेट' आली. तीत ब्रूस ली ह्यांनी केटोची भूमिका केली. हा केटो मूळ आकाशवाणी-मालिकेत जपानी होता, पुढे तो फिलिपिनो झाला. परंतु नायकाचा नोकर आणि सारथी ह्या त्याच्या कामात फरक पडला नाही. 1967 साली 'बॅटमॅन' मालिकेत कॅटवूमनची भूमिका अर्था किट ह्या कृष्णवर्णी गायिकेला मिळाली. कृष्णवर्णी नायक ज्यांच्या केंद्रस्थानी आहे अशा 'ल्यूक केज' (2016) आणि 'ब्लॅक लाइटनिंग' (2018) ह्या मालिका यावयास पुढे अर्धशतक लागले. ल्यूक केज ज्या हार्लेम वस्तीत वावरतो, त्याच वस्तीत विल्यम लबॉव्ह ह्यांनी 1960 नंतरच्या दशकात कृष्णवर्णी मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. ती बोली म्हणजे मोडकी इंग्रजी नसून तिला स्वतःचे काटेकोर नियम आहेत, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. लोथारला शुद्ध इंग्रजी देणे ही एक दुरुस्ती झाली. ल्यूक केजला त्याच्या वस्तीची बोली सन्मानाने बोलू देणे ही दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा अवघड आहे.

मराठी वाचकाला अतिमानुष नायकाची ओळख छापील पानावरून झाली. 1964 साली 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाले आणि फॉक ह्यांचाच 'फँटम' मराठीत 'वेताळ' म्हणून आला. ह्या नामांतराकडे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे. मूळ कथेत हा नायक पिढ्यानपिढ्या जंगलात राहणारा आणि तेथील कृष्णवर्णी जमातींवर देखरेख ठेवणारा गोरा पुरुष आहे. साम्राज्याच्या काळची ही कल्पना आहे, ह्यात संशय नाही. परंतु 'वेताळ' हे कोकणात आणि गोव्यात ग्रामदैवताचे नाव. रात्री गावाच्या शिवेवरून फिरणारा, भुतांचा अधिपती. नाव बदलताच गोऱ्या पुरुषाच्या जागी गावचा राखणदार उभा राहिला. भारतीय आवृत्तीत मूळच्या 'बेंगाला' देशाचे 'डेंकाली' झाले आणि 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. भारतीय कुळनाम चाच्यांना चिकटलेले राहू नये, हाच त्यामागील हेतू असावा हे उघड आहे. डेंकालीतील जमातींचे चित्रण मात्र जसेच्या तसे राहिले. भाषांतराने आपल्या माणसांची अप्रतिष्ठा पुसली, दुसऱ्यांची तशीच ठेवली.

भारतीय दूरदर्शनवरील पहिला खराखुरा लोकप्रिय अतिमानुष नायक म्हणजे 1997 ते 2005 ह्या काळात चाललेला 'शक्तिमान'. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील मुलेही त्या काळात इतर शहरांतील मुलांप्रमाणे हात वर करून स्वतःभोवती गरगर फिरत असत. ह्या नायकाचे लौकिक रूप म्हणजे पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. त्याला बळ मिळते ते योगसाधनेतून व पंचमहाभूतांतून, त्याचे गुरू सूर्यांशी, आणि प्रतिनायक 'तमराज'. नावांची ही योजना सहज घडलेली नाही. नायकाच्या बाजूस संस्कृत, शास्त्र व सूर्य. विरुद्ध बाजूस तम. तम म्हणजे अज्ञान, कातडीचा रंग नव्हे, असे म्हणता येईल व ते खरेही आहे. परंतु 'तोंड काळे करणे', 'काळे कृत्य', 'काळीज काळे असणे' असे वाक्प्रचार रोज कानांवर पडणाऱ्या मुलाला हा भेद कोण समजावून देणार?

मराठीतील रंगवाचक शब्दांची उतरंड येथे ध्यानात घ्यावी लागते: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. ह्यांतील 'सावळा' (संस्कृत श्यामल) हा एकच गडद रंगाचा शब्द प्रेमाने उच्चारला जातो, आणि त्याचे श्रेय पंढरपूरच्या विठोबाकडे जाते. तरीही राम व कृष्ण हे ग्रंथांतून श्यामवर्ण असताना छापील तसबिरींत त्यांना निळा रंग दिला जातो, आणि रामानंद सागरांच्या 1987 च्या 'रामायण' मालिकेत तर राम गोराच होता. अनंत पै ह्यांनी 1967 साली सुरू केलेल्या 'अमर चित्र कथे'तही देव निळे अथवा गोरे आणि असुर बहुधा तपकिरी-काळे अशी वाटणी रूढ झाली. देवाचा काळा रंग निळ्यात विरून जातो. असुराचा काळा रंग काळाच राहतो.

असुरांचा प्रश्न कोल्हापूरकरांना तरी परका मानता येणार नाही. करवीरमाहात्म्याच्या परंपरेनुसार ह्या नगराचे नावच कोल्हासुरावरून पडले. महालक्ष्मीच्या हातून मरताना त्याने हे क्षेत्र आपल्या नावाने ओळखले जावे असा वर मागितला, अशी कथा आहे. ललितापंचमीस त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडला जातो तो ह्याच कथाचक्राशी निगडित आहे. 'असुर' शब्दाचा इतिहासही मनोरंजक आहे. ऋग्वेदात हे वरुणादी देवांचेच विशेषण आहे, आणि इराणी 'अहुर' हे त्याचे भावंड. पुढे त्याचा अर्थ पालटला, आरंभीचा 'अ' नकारार्थी आहे असा गैरसमज झाला आणि त्यातून 'सुर' हा नवा शब्द देवांसाठी बनविण्यात आला. म्हणजे देव आणि दानव ह्यांची जी जोडी जन्मतःच वेगळी वाटते, तिचा अर्धा भाग व्याकरणाच्या एका चुकीतून जन्मला आहे.

महात्मा फुले ह्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त दैत्य व राक्षस हे येथील मूळचे शेतकरी व रक्षक होत, असा अर्थ लावला. तो ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यांच्या पुष्कळशा व्युत्पत्ती ध्वनिनियमांना उतरणाऱ्या नाहीत. 'राक्षस' आणि 'रक्ष्' ह्यांचा संबंध मात्र रामायणाच्या उत्तरकांडातही सांगितलेला आहे. व्युत्पत्ती खरी की खोटी हा प्रश्न बाजूस ठेवला तरी, कथेतील पराभूतांचा वंश कोणता ठरविला जातो व तो कोण ठरवितो, हे विचारणारा मराठी लेखक दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधी होऊन गेला, एवढे निश्चित.

आता वाणीकडे वळू. पात्राच्या दर्जानुसार भाषा वाटून देण्याची प्रथा जुनी आहे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, राणी व सखी शौरसेनी, गाताना महाराष्ट्री, आणि हीन मानलेली पात्रे मागधी. रंगभूमीबाहेरही हाच न्याय होता. 1899 च्या सुमारास पंचगंगेच्या घाटावर शाहू छत्रपतींच्या स्नानप्रसंगी पुरोहिताने वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले, आणि त्यातून जो वाद पेटला तो मुळात हाच होता: कोणत्या वर्णासाठी कोणती वाणी? कोल्हापूरच्या सामाजिक इतिहासातील मोठे पर्व एका भाषिक भेदातून सुरू झाले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी पुरेशी मनावर घेतलेली नाही.

'जय मल्हार' ही 2014 साली सुरू झालेली मालिका ह्या प्रथेचे आधुनिक उदाहरण होय. खंडोबाची म्हाळसा लिंगायत वाण्याची आणि बानू धनगराची, हे लोकपरंपरेनेच सांगितलेले आहे. जातींच्या सीमा ओलांडणारे असे दैवत विरळा. परंतु मालिकेत देव आणि म्हाळसा भारदस्त मराठी बोलतात, तर बानूच्या वाट्याला ग्रामीण वळणाची बोली येते. देवाने ओलांडलेली सीमा संवादलेखकाने पुन्हा आखली. 2020 ते 2021 मध्ये आलेली 'दख्खनचा राजा जोतिबा' ही मालिका तर कोल्हापूरच्या चित्रनगरीतच चित्रित झाली. वाडी रत्नागिरीचा जोतिबा हे ज्यांचे कुलदैवत, त्या करवीर परिसरातील शेतकऱ्यांची बोली दैवताच्या तोंडी नाही. देवाने प्रमाण भाषाच बोलावी असा संकेत कोणी लिहून ठेवलेला नाही, म्हणूनच तो मोडणे कठीण जाते.

ह्याला मोठा अपवाद म्हणजे 2016 साली सुरू झालेली 'तुझ्यात जीव रंगला'. तिचा नायक राणा हा मल्ल अतिमानुष नसला तरी बलवान आहे आणि बोलतो कोल्हापुरी. शिवाजी पेठेसारख्या तालमींच्या वस्तीत ह्याचे कौतुक झाले नसते तरच नवल. तथापि मालिकांतील 'ग्रामीण' भाषेविषयी एक तक्रार राहतेच. 'हाय', 'न्हाई', 'लई', 'करतुया' असे पाचदहा शब्द शिंपडले की बोली झाली, अशी समजूत आढळते. ही बोली कोणत्याही एका गावाची नसते. पेठेतील प्रौढ स्त्री 'मी जातो', 'मी आलो' असे बोलते, प्रमाण मराठीत जे रूप पुरुषाचे तेच ती स्वतःसाठी वापरते; 'काय करालाईस?' असे विचारते. ही खरी व्याकरणाची वैशिष्ट्ये होत. ती प्रेक्षकांना कळणार नाहीत अशी भीती बाळगली जाते आणि सोपा मुखवटा वापरला जातो. लोथारची मोडकी इंग्रजी हाही असाच मुखवटा होता.

सर्वांत अवघड उदाहरण पन्हाळ्याचे. 1660 साली पन्हाळ्यास वेढा घालणारा सिद्दी जौहर हा आफ्रिकी वंशाचा सेनानी. 'हबशी' हा शब्द अरबी 'हबश' म्हणजे अॅबिसिनिया ह्यावरून, आणि 'सिद्दी' हा 'सय्यिदी' म्हणजे 'माझे स्वामी' ह्यावरून आला असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे मूळ शब्द आदराचा. 1626 साली मरण पावलेला मलिक अंबरही ह्याच वंशाचा. त्याने लावलेली जमीनमहसुलाची व्यवस्था महाराष्ट्रात दीर्घकाळ नावाजली गेली. शिवचरित्रावरील मालिकांत व चित्रपटांत मात्र सिद्दी येतो तो शत्रू म्हणून, आणि त्याच्या तोंडी उर्दू-हिंदीचे वळण असते. सतराव्या शतकातील दख्खनी सरदारासाठी ती योजना अगदी चुकीची नव्हे.

परंतु पडद्यावरील सिद्दीला इतिहासाबाहेर अस्तित्वच नाही, असा ग्रह त्यातून होतो. कोल्हापूरच्या दक्षिणेस, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर व अंकोला तालुक्यांच्या जंगलभागात सिद्दींच्या वस्त्या आहेत. 2003 साली त्या जिल्ह्यातील सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. ह्या समाजात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आढळतात आणि घरातील बोली पुष्कळ ठिकाणी कोकणीची आहे, तीत मराठी व कानडी शब्दांची भर. हल्याळच्या बाजारात मराठी बोलणाऱ्या दुकानदाराशी सिद्दी गिऱ्हाईक बोलू लागले, तर त्या दोघांच्या भाषेतील अंतर प्रमाण मराठी व पेठेची बोली ह्यांतील अंतराहून थोडेच अधिक भरेल. आफ्रिकी चेहऱ्याचा आणि कोकणी-मराठी वाणीचा असा नायक लिहावयाचा झाल्यास संवादलेखकाला नवी भाषा बनवावी लागणार नाही.